श्रेयनामावलीतले पाचवे नाव
स्टीव्ह बुसेमी आणि अमेरिकन स्वतंत्र चित्रपटातील अभिनय : एक प्रस्तावना

पडद्यावरच्या अभिनयाचा अभ्यास बहुधा ताऱ्यांपासून सुरू होतो. त्यात नवल नाही. ज्याच्या नावावर तिकिटे खपतात त्याच्याविषयी मुलाखती असतात, मुखपृष्ठे असतात, स्टुडिओच्या दप्तरातले करारनामे असतात. अभ्यासकाला हाताशी सामग्री लागते आणि ती तिथे मुबलक मिळते. रिचर्ड डायर यांचे ‘स्टार्स’ १९७९ साली प्रसिद्ध झाले. चित्रपट, जाहिरात, बातम्या आणि समीक्षा या सगळ्यांतून मिळून ताऱ्याची प्रतिमा कशी रचली जाते, हे त्यांनी त्यात उलगडून दाखवले. पुढे १९८८ साली जेम्स नेअरमोर यांनी ‘अ‍ॅक्टिंग इन द सिनेमा’ लिहिले आणि लक्ष प्रतिमेवरून प्रत्यक्ष अभिनयाकडे, म्हणजे हातांच्या हालचालींकडे, आवाजाकडे, चेहऱ्यावर भाव टिकवून धरण्याच्या कसबाकडे वळवले. ही दोन पुस्तके हाताशी असली की पाया पक्का होतो. मात्र श्रेयनामावलीत ज्याचे नाव चौथे-पाचवे येते, ज्याचा चेहरा प्रेक्षकाला आधी ओळखू येतो आणि नाव कित्येक वर्षांनी कळते, अशा नटाची लोकप्रियता कशी तयार होते, या प्रश्नाला स्वतंत्र जागा लागते. ती जागा या अभ्यासाची आहे, आणि तिच्यात शिरण्यासाठी स्टीव्ह बुसेमी या नटाइतका चांगला दरवाजा मला दुसरा दिसत नाही.

बुसेमी यांचा जन्म १३ डिसेंबर १९५७चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. बारीक अंगकाठी, फिकट वर्ण, वाकडेतिकडे दात, खोल गेलेले मोठाले डोळे आणि घाईघाईने बोलणारा किंचित अनुनासिक आवाज. या भांडवलावर हॉलिवूडच्या जुन्या व्यवस्थेत फार तर एखाद्या भुरट्या चोराची भूमिका मिळाली असती. तरीही गेली चार दशके हा नट सतत काम करतो आहे. ऑस्करचे साधे नामांकनही न मिळता तो जगभरच्या प्रेक्षकांच्या ओळखीचा आहे. त्याची कारकीर्द नीट पाहिली की मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. स्वतंत्र चित्रपटातल्या नटाची लोकप्रियता आधी त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांमध्ये तयार होते. प्रेक्षकांचे प्रेम मागाहून येते, आणि येते ते त्या सहकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलेल्या विश्वासाच्या वाटेने. या क्षेत्राचा अभ्यास करायचा तर ती वाट शोधावी लागते.

त्याआधी ‘स्वतंत्र’ म्हणजे कशापासून स्वतंत्र, हे थोडक्यात सांगायला हवे. मुद्दा पैशाचा आणि वितरणाचा आहे. मोठ्या स्टुडिओच्या पैशाशिवाय चित्रपट काढायचा आणि तो चित्रगृहापर्यंत न्यायचा, हे अमेरिकेत पूर्वीपासून चालत आले आहे. जॉन कॅसावेट्स यांच्या ‘शॅडोज’पासून, म्हणजे १९५९पासून, त्याला आधुनिक वळण मिळाले असे साधारणपणे मानले जाते. १९८१ साली रॉबर्ट रेडफर्ड यांनी सनडान्स इन्स्टिट्यूट स्थापन केली. १९८५ साली या संस्थेने युटा राज्यातल्या पार्क सिटीचा महोत्सव चालवायला घेतला आणि १९९१पासून महोत्सवालाही सनडान्स हेच नाव मिळाले. मधल्या काळात, १९८९ साली, स्टीव्हन सोडरबर्ग यांचा ‘सेक्स, लाइज अँड व्हिडिओटेप’ इथे गाजला, आणि थोड्या पैशात केलेला चित्रपट भरपूर कमाई करू शकतो हे वितरकांच्या ध्यानात आले. मग स्टुडिओंनी या चित्रपटांसाठी खास शाखा उघडल्या, मिरामॅक्ससारखी कंपनी १९९३ साली डिस्नीने विकत घेतली, आणि स्वतंत्र असणे हीसुद्धा बाजारात विकली जाणारी गोष्ट झाली.

नटाच्या दृष्टीने या व्यवस्थेचा अर्थ फार ठोस आहे. फिल्म महाग, दिवस मोजके, त्यामुळे टेक कमी. मानधन बेताचे, म्हणून नट बहुधा ओळखीतले. तारा नसल्यामुळे कथेत कोणाचा चेहरा मध्यभागी ठेवायचा हे आधीपासून ठरलेले नसते. दिग्दर्शकाने स्वतःच लिहिलेले असते, म्हणून संवादांत लांबण असते, वाद असतो, विषयांतर असते, आणि ते पेलणारा, पाठांतराला पक्का, पहिल्याच टेकला तयार असलेला नट सोन्याच्या मोलाचा ठरतो. बुसेमी नेमके असे नट होते. त्यांच्या घाईच्या, अडखळत पुढे रेटणाऱ्या बोलण्याला या लांबलचक संवादांत जागा मिळाली. चेहरा तर त्यांच्याकडे होताच, पण त्यांची पहिली ओळख बोलण्यातून झाली, हे त्यांच्या सुरुवातीच्या भूमिका ऐकताना ध्यानात येते.

अभिनयाकडे वळण्याआधी आणि वळताना ते न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात होते. १९८० ते १९८४ ही चार वर्षे मॅनहॅटनच्या लिटल इटली भागातल्या इंजिन कंपनी ५५मध्ये त्यांनी नोकरी केली. त्याच काळात शहराच्या ईस्ट व्हिलेज भागात, छोट्या क्लबांत आणि प्रायोगिक जागांत, मार्क बून ज्युनिअर या मित्राबरोबर ते स्वतः रचलेले विनोदी प्रवेश करत. नाव घेण्याजोगी पहिली मोठी भूमिका आली ती १९८६च्या ‘पार्टिंग ग्लान्सेस’मध्ये. एड्सच्या साथीला थेट सामोऱ्या गेलेल्या पहिल्या अमेरिकन कथाचित्रपटांपैकी हा एक. बुसेमी त्यात निक नावाचा रॉक संगीतकार झाले आहेत. निकला हा आजार झालेला आहे, पण तो कोणाकडून दया मागत नाही. तो चिडतो, टिंगल करतो, मित्रावर प्रेम करतो. मरणाच्या दारातल्या माणसाला इतके चैतन्य देणारा अभिनय त्या काळात विरळा होता. दिग्दर्शक बिल शेरवूड यांचा हा एकमेव कथाचित्रपट. १९९० साली एड्सनेच त्यांचा मृत्यू झाला. बुसेमींच्या चाहत्यांपैकी फार थोड्यांनी हा चित्रपट पाहिलेला असतो. माझ्या मते अभ्यासाची सुरुवात इथूनच व्हावी, कारण पुढे त्यांच्यावर विक्षिप्तपणाचा जो शिक्का बसला, त्याच्या आधीचा मोकळा नट इथे दिसतो.

१९९२च्या सनडान्स महोत्सवात स्पर्धेतल्या दोन चित्रपटांत बुसेमी होते. एक क्वेंटिन टॅरँटिनो यांचा ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’. तो आज सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरा अलेक्झांडर रॉकवेल यांचा ‘इन द सूप’, आणि परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले ते याला. पहिल्यात ते मिस्टर पिंक आहेत : हॉटेलात वेटरला बक्षिसी देण्याच्या प्रथेविरुद्ध तावातावाने युक्तिवाद करणारा, आणि दरोडा फसल्यावर इतर सगळे भावनांच्या भरात वाहवत असताना व्यवसायाचे नियम आठवून देणारा चोर. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार मिळाला. दुसऱ्यात ते अल्डोल्फो रोलो नावाचे, पाचशे पानांची पटकथा उराशी बाळगून भाड्याच्या पैशाला महाग झालेले होतकरू दिग्दर्शक आहेत. त्याला पैसा पुरवायला येतो जो नावाचा एक लबाड पण दिलदार म्हातारा, आणि ती भूमिका करतात सीमोर कॅसल.

इथे थोडे थांबायला हवे. सीमोर कॅसल हे कॅसावेट्स यांच्या मंडळीतले. ‘फेसेस’, ‘मिनी अँड मॉस्कोविट्झ’ हे चित्रपट त्यांच्याशिवाय डोळ्यांपुढे येत नाहीत. साठच्या-सत्तरच्या दशकांत घर गहाण टाकून, मित्रांना घेऊन चित्रपट काढणाऱ्या पिढीचा हा नट नव्वदच्या दशकातल्या तरुण नटासमोर उभा राहतो, आणि त्याला पडद्यावर अक्षरशः नाचायला लावतो. चार वर्षांनी बुसेमींनी स्वतः ‘ट्रीज लाउंज’ लिहिला आणि दिग्दर्शित केला, तेव्हा त्यात कॅसल होते. ‘इन द सूप’मधल्या कॅरोल केन होत्या, ईस्ट व्हिलेजच्या दिवसांतले मार्क बून ज्युनिअर होते, सख्खा भाऊ मायकेल होता. ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’मध्ये मिस्टर ब्लू झालेले एडवर्ड बंकर हे मुळात तुरुंगवास भोगलेले कादंबरीकार. त्यांच्या कादंबरीवरून बुसेमींनी २००० साली ‘अ‍ॅनिमल फॅक्टरी’ केला. नावांच्या या साखळ्या पुस्तकांतल्या तळटीपांत हरवून जातात, पण स्वतंत्र चित्रपटाचा सांगाडा त्याच असतात. स्टुडिओत जे काम करारपत्र करते, ते इथे एकमेकांची आठवण ठेवणे करते.

दिग्दर्शक कोएन बंधूंशी असलेले बुसेमींचे नाते हा याचा सर्वांत पूर्ण नमुना. ‘मिलर्स क्रॉसिंग’मध्ये मोजकेच क्षण, पण मशीनगनसारखे सुटणारे बोलणे. ‘बार्टन फिंक’मध्ये हॉटेलच्या जमिनीतल्या झडपेतून वर येणारा चेट. ‘द हडसकर प्रॉक्सी’तला छोटा प्रवेश. मग १९९६चा ‘फार्गो’ आणि १९९८चा ‘द बिग लेबोव्स्की’. ‘फार्गो’तला कार्ल शोवॉल्टर अखंड बडबडतो. शेजारी बसलेला त्याचा साथीदार जवळजवळ मुका असतो, आणि कार्लला ते सहन होत नाही. लेबोव्स्कीतल्या डॉनीला उलट कोणी तोंडच उघडू देत नाही. २००६च्या ‘पॅरिस, जतेम’ या संकलित चित्रपटातल्या कोएन बंधूंच्या कथेत तर बुसेमी मेट्रोच्या फलाटावर बसलेले पर्यटक आहेत आणि त्यांना बोलायला एक शब्दही नाही. ज्या दिग्दर्शकांनी त्यांना सर्वांत जास्त बोलायला लावले, त्यांनीच शेवटी गप्प बसवून सगळा भार डोळ्यांवर टाकला. सोळा वर्षांच्या ओळखीनंतरच नटाकडे असे काही मागता येते.

‘फार्गो’तला एक प्रवेश मी विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावा असे सांगतो. जबड्यात गोळी लागलेला, रक्ताने माखलेला कार्ल बर्फाच्या वैराण मैदानात कुंपणाशी पैशांची बॅग पुरतो. मग डावीकडे पाहतो : एकसारखे खांब, क्षितिजापर्यंत. उजवीकडे पाहतो : तसेच खांब. खूण म्हणून तो गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायची छोटीशी वस्तू तिथे रोवतो. प्रेक्षक हसतो, कारण ती खूण कोणालाही कधीच सापडणार नाही. पण बुसेमी त्या क्षणी हशासाठी काहीही करत नाहीत. त्यांच्या कार्लला वेदना आहे, घाई आहे आणि आपण हुशारीचे काम केले याचे समाधानही आहे. नट पात्राच्या बाजूने उभा असल्यामुळे त्या प्रवेशात विनोद आणि भय एकत्र येतात. याच चित्रपटात पोलीस अधिकारी मार्ज साक्षीदार मुलींना त्याचे वर्णन विचारते, आणि त्यांना एवढेच सांगता येते की तो काहीतरी विचित्रच दिसायचा. हे वर्णन पुढे बुसेमींना कायमचे चिकटले. पण पात्राविषयी केलेला शेरा नटाचा परिचय म्हणून वापरणे हा आळस आहे, आणि समीक्षेत तो बराच झाला आहे.

‘ट्रीज लाउंज’ मला त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम वाटते. लाँग आयलंडवरच्या व्हॅली स्ट्रीममध्ये, जिथे ते वाढले, तिथेच ही कथा घडते. टॉमी हा बेकार मेकॅनिक. गॅरेजमधले पैसे न विचारता घेतले म्हणून नोकरी गेलेली, आणि प्रेयसी आता त्याच्याच जुन्या मालकाबरोबर राहते. तो दिवसचे दिवस गल्लीतल्या बारमध्ये बसतो. काका वारल्यावर त्यांची आइस्क्रीमची गाडी चालवतो. जिच्याशी मर्यादा पाळायला हव्यात अशा सतरा वर्षांच्या मुलीशी त्या पाळत नाही. या माणसाला दिग्दर्शकाने माफ केलेले नाही आणि वाऱ्यावरही सोडलेले नाही. बारमध्ये बसलेल्या माणसांचे रिकामे तास इतक्या संयमाने दाखवणारे अमेरिकन चित्रपट थोडे आहेत. नट म्हणून बुसेमी इथे सगळा वेग काढून घेतात. मिस्टर पिंकची घाई इथे बेचैनीचे रूप घेते, आणि काही करायचेच नसल्यामुळे ती बोटांत, सिगारेटीत, दारापर्यंत जाऊन परत येण्यात उतरते.

त्याच्या आदल्या वर्षीचा ‘लिव्हिंग इन ऑब्लिव्हियन’ याच्या जोडीने पाहावा. दिग्दर्शक टॉम डिसिलो हे पूर्वी जिम जार्मुश यांचे छायालेखक होते आणि बुसेमी जार्मुश यांच्या ‘मिस्ट्री ट्रेन’मधले न्हावी. म्हणजे साखळी तीच. एका गरीब चित्रपटाच्या सेटवर एक प्रवेश पुन्हा पुन्हा बिघडतो. माइक चौकटीत येतो, फोकस जातो, कुठेतरी काहीतरी वाजते. आणि अभिनेत्रींची सर्वांत उत्कट तालीम घडते तेव्हा कॅमेरा बंद असतो, कारण कॅमेरामन आजारी पडून आत गेलेला असतो. दिग्दर्शक निकच्या भूमिकेत बुसेमींचा चेहरा त्या क्षणी जे दाखवतो ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. स्वतंत्र चित्रपटात अभिनय कोणत्या परिस्थितीत घडतो, हे समजून घ्यायला याहून चांगले साधन नाही.

‘डेस्पेराडो’, ‘कॉन एअर’, ‘आर्मगेडन’, अ‍ॅडम सँडलर यांचे विनोदी चित्रपट, ‘मॉन्स्टर्स, इंक.’मधला रँडलचा आवाज ही यादी इथे नुसती नोंदवतो. या कामांनी त्यांना घराघरांत नेले, छोट्या चित्रपटांसाठी वेळ काढण्याची सोय करून दिली. अभिनय म्हणून त्यांत नवे फारसे नाही. स्वतंत्र चित्रपटाने ओळखलेले गुण मोठ्या चित्रपटांनी ठळक करून वापरले, इतकेच.

‘घोस्ट वर्ल्ड’ मात्र तपशिलात पाहायला हवा. २००१चा हा चित्रपट टेरी झ्विगॉफ यांचा, डॅनियल क्लाउज यांच्या कॉमिकवरून केलेला. कॉमिकमध्ये सीमोर हे पात्र या रूपात नाहीच. चित्रपटासाठी ते घडवले गेले, आणि त्याला जुन्या ७८ वेगाच्या तबकड्या जमवण्याचा जो नाद आहे तो खुद्द दिग्दर्शकाचा आहे. दोन तरुण मुली वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला खोटे उत्तर देऊन त्याला हॉटेलात बोलावतात आणि दुरून त्याची फजिती पाहत बसतात. न येणाऱ्या बाईची वाट पाहणारा बुसेमींचा सीमोर आशा सोडताना काही मोठे करत नाही. नीट बसलेला माणूस हळूहळू कमी नीट बसतो. पुढे बारमध्ये एक बाई त्याच्याशी आपण होऊन बोलते, तेव्हा तो ब्लूज आणि रॅगटाइम यांतला फरक समजावून सांगू लागतो. तो बरोबर आहे, आणि बरोबर असण्यातच तो ती संधी घालवतो. नादिष्ट माणसाच्या एकटेपणाकडे इतक्या आदराने पाहिलेले मला क्वचितच आढळले आहे. न्यूयॉर्कच्या समीक्षक मंडळाने त्यांना सहायक अभिनेत्याचा पुरस्कार दिला, स्पिरिट पुरस्कारही दुसऱ्यांदा मिळाला, गोल्डन ग्लोबचे नामांकन झाले. ऑस्करने दखल घेतली नाही. ते मोठे अन्यायाचे होते असे माझे मत आजही आहे.

त्यानंतरचा टप्पा टेलिव्हिजनचा, आणि त्यामागेही व्यवस्थेतला बदल आहे. २००८च्या सुमारास स्टुडिओंनी आपल्या स्वतंत्र शाखा एकामागून एक बंद केल्या. वॉर्नर इंडिपेंडंट आणि पिक्चरहाउस त्याच वर्षी गेल्या. मध्यम खर्चाचा, बोलका, माणसांवर रेंगाळणारा चित्रपट केबल वाहिन्यांकडे सरकला. बुसेमी तिथे अनोळखी नव्हते. एचबीओच्या ‘द सोप्रानोज’चे चार भाग त्यांनी दिग्दर्शित केले होते, त्यांत २००१चा, बर्फाळ जंगलात दोन गुंड वाट चुकतात तो ‘पाइन बॅरन्स’ हा गाजलेला भाग होता. २००४ साली याच मालिकेत त्यांनी भूमिकाही केली. ‘पाइन बॅरन्स’चे लेखक टेरेन्स विंटर. याच विंटर यांनी २०१०मध्ये ‘बोर्डवॉक एम्पायर’ उभी केली, तेव्हा दारूबंदीच्या काळातल्या अटलांटिक सिटीच्या सर्वेसर्वा नकी थॉम्पसनसाठी त्यांनी बुसेमींना निवडले. ज्याच्यावरून हे पात्र बेतले तो खरा नकी जॉन्सन चांगला धिप्पाड गृहस्थ होता. दिसण्यावरून निवड करायची असती तर बुसेमींचे नाव यादीतही आले नसते. पाच पर्व ते या मालिकेच्या मध्यभागी राहिले, आणि २०११ साली त्यांना गोल्डन ग्लोब मिळाला. पाचवे नाव पहिले झाले ते एका लेखकाने त्यांना सेटवर काम करताना पाहिले होते म्हणून.

आता लोकप्रियतेचा आजचा चेहरा. २०१२ साली ‘थर्टी रॉक’ या विनोदी मालिकेत काही क्षणांसाठी बुसेमी उलटी टोपी घालून, खांद्यावर स्केटबोर्ड टाकून, शाळकरी पोरांत मिसळू पाहणारे गुप्तहेर झाले. ते चित्र इंटरनेटवर इतके फिरले की त्यांचा एकही चित्रपट न पाहिलेली मुलेही त्यांना ओळखतात. २०२१च्या हॅलोविनला ते ब्रुकलिनमध्ये त्याच वेशात मुलांना गोळ्या वाटायला बसले होते. दुसरी गोष्ट दर वर्षी सप्टेंबरमध्ये फिरते : ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर ते आपल्या जुन्या इंजिन कंपनीत परतले आणि ढिगारा उपसण्याचे काम त्यांनी अनेक दिवस, प्रसिद्धी टाळून, केले. ही गोष्ट खरी आहे आणि आदर वाटावा अशीच आहे. अभ्यासकाने मात्र हेही पाहावे की ती कळल्यानंतर प्रेक्षक त्यांच्या सगळ्या जुन्या भूमिकांकडे वेगळ्या जिव्हाळ्याने पाहू लागला. डायर ज्याला प्रतिमा म्हणतात ती इथे कोणत्याही स्टुडिओने रचलेली नाही. अनोळखी लोकांनी एकमेकांना सांगत ती रचली आहे. ताऱ्यांसाठी बनवलेली साधने या ठिकाणी थोडी बदलावी लागतील.

नव्याने येणाऱ्यांनी ‘पार्टिंग ग्लान्सेस’, ‘इन द सूप’, ‘लिव्हिंग इन ऑब्लिव्हियन’, ‘फार्गो’, ‘ट्रीज लाउंज’ आणि ‘घोस्ट वर्ल्ड’ हे सहा चित्रपट या क्रमाने पाहावेत. प्रत्येक चित्रपट दोनदा पाहावा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून, म्हणजे त्या बोलक्या नटाचे शरीर काय करत असते ते कळेल. श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचावी आणि पुन्हा भेटणारी नावे वहीत लिहून ठेवावीत. दिग्दर्शक बुसेमींवर, म्हणजे ‘लोन्सम जिम’, ‘इंटरव्ह्यू’, ‘द लिसनर’ या कामांवर, अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही. त्यांच्या आवाजाचा, बोलण्याच्या लयीचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. ‘द डेथ ऑफ स्टालिन’मध्ये त्यांनी ब्रुकलिनच्या उच्चारात उभा केलेला ख्रुश्चेव्ह त्यासाठी उत्तम सुरुवात ठरेल. भूमिका कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्या कास्टिंग दिग्दर्शकांचे योगदान तर जवळजवळ अस्पर्शच आहे. पाचव्या नावावर पहिल्यांदा कोणाची नजर गेली, हे त्यांच्या वह्यांतूनच कळू शकेल.